‘वाजवी भेट’ म्हणजे कोणता रविवार, किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाच्या ताब्याच्या दाव्याची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा मथळा ठरलेला असतो. ‘मुलाचा ताबा आईकडे’ किंवा क्वचित ‘वडिलांकडे’. शेवटी एक ओळ असते, ‘दुसऱ्या पालकास भेटीची मुभा देण्यात आली’. वाचकाच्या लेखी प्रकरण तिथे मिटते. कौटुंबिक दावे चालवणाऱ्या आमच्यासारख्या वकिलांच्या लेखी ते तिथून सुरू होते. लहान मूल कोणाजवळ राहणार, हे बऱ्याच घरांत दावा लागण्याआधीच ठरल्यासारखे असते. अडते ते भेटीवर. आणि भेट अडते तेव्हा हुकमात किंवा तडजोडीच्या शर्तींत बहुधा दोन शब्द सापडतात, ‘वाजवी भेट’. हे शब्द न्यायाधीशांपेक्षा आम्ही वकीलच जास्त लिहितो, तेव्हा या पत्रातला बराचसा दोष आमच्याच पदरी घालतो.

ताब्याबद्दल आधी थोडे, कारण पहिला गैरसमज तिथेच आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे राहील असे म्हटले आहे. पक्षकार याचा अर्थ लावतात तो असा, की पाचवा वाढदिवस झाला की मूल वडिलांचे. काहीजण त्या तारखेची वाट बघत अर्ज राखून ठेवतात. कायद्यात तसे काही नाही. त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७ मध्ये काय पाहायचे ते दिले आहे: मुलाचे वय, लिंग, धर्म, ताबा मागणाऱ्याचे चारित्र्य आणि कुवत, आणि मूल समजून बोलण्याइतके मोठे असेल तर त्याचे मत. मुस्लिम पक्षकारांत हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे राहतो, पण तिथेही न्यायालय हितच तपासते.

गरिबी हे मूल काढून घेण्याचे कारण नाही, हेही सोलापुरात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आई घरी विड्या वळते आणि बापाचा पगार तिप्पट आहे, एवढ्यावर ताबा फिरत नाही. पगार जास्त असेल तर त्याने पोटगी जास्त द्यायची.

अर्ज कुठे करायचा यात वर्ष-वर्ष जाते. पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल ‘सामान्यतः जिथे राहते’ तिथल्या न्यायालयात पालकत्वाचा अर्ज चालतो. शहरात कुटुंब न्यायालय आहे. जिथे त्याची हद्द पोहोचत नाही तिथे जिल्हा न्यायालयाकडे जावे लागते. आपला जिल्हा सीमेवरचा. सुनेचे माहेर इंडीला, विजयपूरला, कलबुर्गीला असते. ती मुलाला घेऊन तिकडे गेली, जूनमध्ये तिथल्या शाळेत नाव घातले, आणि इकडे नवऱ्याने दिवाळीनंतर सोलापुरात अर्ज केला, की पहिला वाद हद्दीचा. त्याची उत्तरे शाळेचा बोनाफाईड दाखला, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचे कार्ड असल्या कागदांतून मिळतात, म्हणून ते अर्जासोबतच जोडावेत. दावा दोन राज्यांत अडकला तर एका ठिकाणी आणण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तो खर्च आणि तो वेळ विडी किंवा यंत्रमाग कामगाराच्या घराला झेपणारा नाही. अर्जाच्या तोंडावर मूल हलवून हद्द तयार करता येते, असे वाटणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की न्यायालय त्या एका दिवसाचा मुक्काम पाहत नाही, आधीचे राहणे पाहते.

आणखी एक चूक म्हणजे तीन ठिकाणी तीन अर्ज. घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली एक, पालकत्वाचा दुसरा, आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकाऱ्यांकडे तिसरा. कलम २१ चा हुकूम तात्पुरत्या ताब्याचा असतो आणि मारहाणीच्या प्रकरणात तो लवकर मिळतो, हे खरे. पण एका कोर्टाने शनिवार दिला आणि दुसऱ्याने रविवार, तर मुलाने काय करावे? दुसरीकडे काय चालू आहे ते प्रत्येक अर्जात लिहावे आणि आधीच्या हुकमाची नक्कल जोडावी. लपवले तर समोरचा वकील पुढच्या तारखेला काढतोच.

आता मूळ मुद्दा. तडजोडीत असे एक वाक्य असते: ‘वडिलांना महिन्यातून दोन वेळा मुलीस वाजवी वेळ भेटता येईल.’ वाचायला सभ्य. पण कोणते दोन दिवस ते कोण ठरवणार? वाजवी वेळ म्हणजे दोन तास की रात्रीचा मुक्काम? भेट कुठे? आईच्या दारात की बाहेर? मुलगी तापाने फणफणली तर ती वेळ बुडाली की पुढे गेली? यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक भांडण, आणि ते भांडण शनिवारी रात्री फोनवर, मुलीच्या समोर होते.

त्याऐवजी असे लिहावे: ‘वडील दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी १० वाजता मुलीला आईच्या इमारतीच्या फाटकाशी घेतील व सायंकाळी ६ वाजता तिथेच परत सोडतील. वडिलांना येणे जमले नाही तर मुलीचे आजोबा येतील, तिसरे कोणी नाही. पावणेअकरापर्यंत कोणी आले नाही व निरोपही नाही, तर त्या दिवसाची भेट रद्द. मुलगी आजारी असल्यास आई आदल्या रात्री ९ पर्यंत मेसेज करील व डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवील, आणि ती भेट लगेचच्या रविवारी होईल.’

यातला एकही शब्द शोभेचा नाही. ‘दर पंधरा दिवसांनी’ लिहिले की एक भेट हुकल्याबरोबर मोजणी कुठून करायची यावर वाद होतो. पहिला आणि तिसरा रविवार कॅलेंडरवर खूण करून भिंतीला लावता येतो, आणि पाच रविवारांच्या महिन्यातही गोंधळ होत नाही. फाटक लिहिले, कारण दारात भेट ठरली की चप्पल काढायची का, आत बसायचे का, सासूने तोंड का फिरवले, इथून सुरुवात होते. पाऊण तासाची सवलत दिली, कारण बाप पुण्यात नोकरीला असतो. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येऊन रात्री मित्राकडे उतरणाऱ्या माणसाला सकाळी आठची वेळ देणे म्हणजे भेट न देण्याचाच प्रकार. आजोबांचा उल्लेख मुद्दाम. बऱ्याच घरांत मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारे तेच असतात, आणि आयाही त्यांच्या हाती मूल द्यायला कमी कचरतात.

फाटक नको असेल तर जागा उघडी, सावलीची आणि बसायला बाक असलेली हवी. हुतात्मा बाग चालते. सिद्धेश्वर मंदिराचे आवार अनेकांना सोयीचे पडते, फक्त जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत तिथे ठरलेली देवाणघेवाण गर्दीत हरवते, तेव्हा त्या महिन्यापुरती दुसरी जागा आधीच लिहावी. मे महिन्यात दुपारची वेळ घेऊ नये, पारा बेचाळीसवर असतो आणि मूल उन्हात उभे असते. पोलीस ठाणे ही जागा मारहाणीचा धोका असल्याशिवाय लिहूच नये. खाकी वर्दीसमोर आईकडून बापाकडे जाणारे मूल त्याचा अर्थ एकच लावते: यातल्या कोणीतरी गुन्हा केला आहे.

किती वेळ द्यायचा हे वयावर असते, पण आमचे नमुने वय पाहत नाहीत. दीड वर्षाच्या मुलाला महिन्यातून एकदा आठ तास देणे कोणाच्याच उपयोगाचे नाही. त्याला महिन्यानंतर चेहरा ओळखीचा राहत नाही, पहिला तास रडण्यात जातो आणि बाप म्हणतो, आईने शिकवून पाठवले. अशा वयात आठवड्यातून दोनदा दीड-दोन तास, आई किंवा आजी जवळपास, हे बरे. तीन ते सहा वर्षांत अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. रात्रीचा मुक्काम मूल दुसऱ्या घरात निवांत झोपू लागल्यावर. मूल शाळेत जाऊ लागले की रविवार आणि सुट्ट्या. तेरा-चौदाच्या पुढे घड्याळ लावून काही होत नाही, शिकवणीच्या वेळा विचारूनच ठरवावे लागते. हे कायद्याचे कलम नव्हे, समुपदेशकांच्या आणि आमच्या कामातून आलेला अंदाज आहे. म्हणून हुकमातच टप्पे घालावेत: पहिल्या चार भेटी दोन तासांच्या, पुढच्या चार अर्ध्या दिवसाच्या, त्यानंतर अमुक तारखेला अहवाल. टप्पे नसले की दर वाढीसाठी नवा अर्ज, समोरच्याचे म्हणणे आणि तीन तारखा.

सुट्ट्या स्वतंत्र लिहाव्यात. ‘दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी’ हे वाक्य दरवर्षी फसते, कारण लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज दोन्ही बाजूंना हवी असते. सम वर्षी सुट्टीचा पहिला भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, आणि भाग कोणत्या दिवशी सकाळी बदलायचा ते शाळेच्या परिपत्रकावरून ठरवावे. उन्हाळी सुट्टीतही शाळा कोणती ते पाहा. राज्य मंडळाच्या शाळेचा निकाल १ मेच्या सुमारास लागतो, सीबीएसईच्या अनेक शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. ‘१५ एप्रिलपासून एक महिना’ अशी शर्त लिहिली आणि मुलाचे वर्ग भरलेले, असे होते. सोलापूरच्या घरांचे आपले दिवसही शर्तीत यायला हवेत. सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, पद्मशाली घरांत नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयांचा रथोत्सव, रमजान ईद. आई तेलुगू आणि वडील मराठी असतील तर हे दिवस दोन्हीकडचे लिहावेत, आळीपाळीने. मुलाला भांडण आठवत नाही, पण गड्ड्यात कोणी नेले नाही ते आठवते.

आणि तारीख पाहून अर्ज करा. कोर्टालाही दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी असते. सुट्टीतल्या भेटीचा अर्ज सुट्टीच्या आदल्या आठवड्यात आणला तर समोरचा म्हणणे देण्यासाठी मुदत मागतो, आणि हुकूम होईपर्यंत शाळा उघडलेली असते. सहा आठवडे आधी अर्ज हवा.

फोनवरची भेट ही आता बाजूची गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटले आहे की ताबा नसलेल्या पालकालाही मुलाशी संपर्काचा हक्क आहे आणि त्यात व्हिडिओ कॉलही येतो. पण इथेही ‘वेळोवेळी फोन करता येईल’ असे लिहून चालत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ, आईच्या मोबाईलवर, आणि मूल खोलीत एकटे. चार-पाच वर्षांचे मूल पाच मिनिटांनी पळून जाते, ते आईने पळवले असे समजू नये. स्पीकर चालू ठेवून मागून उत्तरे पुरवणे आणि कॉल रेकॉर्ड करून कोर्टात आणणे, या दोन सवयी दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत. रेकॉर्डिंग होतेय हे मुलाला कळते. त्यानंतर ते बोलतच नाही.

पोटगी आणि भेट एकमेकींना बांधू नयेत. ‘पोटगी थकली म्हणून मूल पाठवणार नाही’ आणि ‘भेट देत नाही म्हणून पोटगी बंद’, ही दोन वाक्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज आहे, भेट अडली तर अंमलबजावणीचा. दोन्ही हक्क मुलाचे आहेत, आईबापांनी आपापसांत वळते करून घ्यायचे नाहीत. परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘मुलाच्या पोटगीचा हक्क सोडून देत आहे’ असे आईच्या नावाने लिहिले जाते. मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही. पुढे ती पुन्हा अर्ज घेऊन येते तेव्हा ती शर्त आड येत नाही. बापाला मात्र आपण फसलो असे वाटते, आणि त्याची सही घेणारा वकीलच त्याला जबाबदार असतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे. ते अर्धवट भरले की अंतरिम पोटगी लांबते. मुलाच्या पोटगी व शिक्षणाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ च सांगते. ज्याचा पगार आठवड्याला हातात पडतो, त्याच्यासाठी महिन्याच्या ५ तारखेऐवजी आठवड्याचा हप्ता ठरवला तर थकबाकी कमी राहते. शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि दवाखाना पोटगीत धरले की वेगळे, तेही लिहावे. ‘शिक्षणाचा खर्च वडील करतील’ यात शिकवणी येते का, यावर आठवीपासून भांडण ठरलेले.

आता कागद. यावर आमच्या शर्तींत एक ओळही नसते, आणि दहा वर्षांनी सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. ताबा आईकडे आहे. मुलगा बारावी शास्त्र शाखेत आहे, राखीव जागेवर प्रवेश हवा, म्हणून जातीचा दाखला आणि जात पडताळणी लागते. पडताळणीला पुरावा लागतो तो वडिलांच्या घराण्याचा: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा दाखला, जुनी महसुली नोंद. वडील फोन उचलत नाहीत किंवा म्हणतात, आधी केस मागे घे. मुलाच्या हातातून वर्ष जाते. तेव्हा तडजोडीतच लिहावे की वडील आपल्या व आपल्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यांच्या आणि स्वतःच्या जात प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती ३० दिवसांत देतील, आणि पडताळणीच्या वेळी सही व हजेरी लागेल तिथे देतील. प्रती देऊन पोचपावती घ्यावी व ती निशाणी (क्रमांक दिलेला कागद) म्हणून प्रकरणात दाखल करावी. ज्यांचे घटस्फोट होऊन गेले आहेत त्यांनीही मूल सातवी-आठवीत असतानाच हे कागद मिळवावेत.

बाकीचे कागद सोपे. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचे कार्ड मूल राहते त्या घरात, झेरॉक्स दुसऱ्याकडे. पासपोर्टला दोघांची संमती मागितली जाते, ती द्यायची की नाही ते आत्ताच ठरवावे. शाळेच्या फॉर्मवर आईची सही चालत नाही असे कोणी सांगितले तर १९९९ चा गीता हरिहरन निकाल दाखवावा. १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मधल्या ‘वडिलांनंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच नाही, वडील मुलाकडे लक्ष देत नसतील तरी आई नैसर्गिक पालक आहे, असे त्यात म्हटले आहे. निकालपत्रकाची प्रत दोघांना द्यावी, असे पत्र शाळेला आधी दिले की पालकसभेच्या दिवशी वर्गाच्या दारात वाद होत नाही.

समुपदेशकांबद्दल लोकांना भीती असते आणि वकिलांना घाई. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयावर बंधनकारकच आहे, आणि त्या खोलीत जे बोलले जाते ते पुराव्यात वापरण्यासाठी नसते. तिथे वकिलाचे काम नाही. बाहेर बसून अशिलाला दर दहा मिनिटांनी फोन करणे हा तर त्या कामाचा नाशच. मूल समुपदेशकाकडे किंवा न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये जाणार असेल तर आदल्या रात्री त्याची उजळणी घेऊ नये. सात वर्षांचे पोर ‘वडिलांनी आम्हाला मानसिक छळ दिला’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला ते वाक्य अर्जाच्या कोणत्या परिच्छेदातले आहे ते कळते. अनुभवी न्यायाधीश मुलाला ‘कोणाकडे राहायचे’ असे विचारतच नाहीत. डब्यात काय असते, वेणी कोण घालते, अभ्यासाला कोण बसवते, रात्री भीती वाटली तर कोणाला हाक मारतोस, असे विचारतात. उत्तर त्यातच मिळते. मुलाचे मत ऐकायला कायद्याने वय ठरवून दिलेले नाही, आणि ते मत म्हणजे निकालही नव्हे.

मुलाला दर तारखेला कोर्टात आणू नये. ज्या तारखेला बोलावले असेल तेवढेच आणावे, शाळेच्या वेळेनंतरची वेळ मागावी, सोबत खायला आणि पाणी द्यावे. कोर्टाच्या आवारातली भेट ही पहिली पायरी म्हणून ठीक. महिनोन्महिने तीच चालू राहिली तर बाप म्हणजे कोर्ट असेच मुलाच्या डोक्यात बसते. ती कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत होते, म्हणजे मुलाची शाळा आणि बापाचा रोज दोन्ही बुडतात. कोर्टातली मुलांची खोली रविवारी चार तास उघडी ठेवता आली तर यातले बरेच सुटेल. त्यासाठी एक कर्मचारी आणि एक पोलीस शिपाई लागेल, याहून मोठी सोय नको.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मूल जात नाही म्हणजे ते शिकवलेलेच आहे, असे धरणे आता वाढले आहे. दारू पिऊन मारणाऱ्या माणसाबरोबर जायला मूल नाही म्हणते, कारण ते घाबरलेले असते. तिथे तिसऱ्या माणसाच्या समक्षच भेट द्यावी, तो तिसरा माणूस कोण ते नावानिशी लिहावे, आणि भेटीच्या दिवशी दारू प्यालेला दिसल्यास त्या दिवसाची भेट रद्द हे हुकमात असावे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मुलाला घरात चारचौघांनी पुन्हा पुन्हा विचारून पक्के करून घेऊ नये. पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे थेट तक्रार द्यावी आणि भेट थांबवण्याचा अर्ज त्याच दिवशी. हाच आरोप ताब्यासाठी हत्यार म्हणून वापरला तर कलम २२ मध्ये शिक्षा आहे, आणि खोटेपणा उघडा पडेपर्यंत मुलाची जी तपासणी होते ती भरून निघत नाही.

पोलिसांकडे धावण्याबद्दल एवढेच. ताबा कोणाचा हे पोलीस ठरवू शकत नाहीत. मनाई हुकूम नसताना बापाने स्वतःचे मूल नेले तर ते अपहरण ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. मग आईने काय करावे? त्याच दिवशी कुटुंब न्यायालयात अंतरिम ताब्याचा तातडीचा अर्ज. तान्हे मूल असेल किंवा ते कुठे आहे हेच कळत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसही (मूल न्यायालयासमोर हजर करण्यासाठीची याचिका) चालते, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा तेजस्विनी गौड निकाल त्यासाठी आधार आहे. सोलापूरकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे. अपिलाची मुदत कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ३० दिवस धरूनच नकलेचा अर्ज करावा. अंतरिम हुकमावर साधारणतः अपील नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

भेट नाकारली गेली तर काय? दारात व्हिडिओ काढत आरडाओरडा करू नये. ठरल्या वेळी ठरल्या जागी थांबावे, एक साधा मेसेज करावा (‘दहा वाजल्यापासून फाटकाशी आहे’), अर्ध्या-पाऊण तासाने निघावे आणि त्याच आठवड्यात कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) देऊन ते रेकॉर्डवर आणावे. सहा महिने गप्प राहून मग बारा हुकलेल्या भेटी एका अर्जात मांडल्या तर समोरचा म्हणतो, हे आलेच नव्हते. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले बरे. कुटुंब न्यायालयात पुराव्याचे नियम सैल असले तरी वरच्या कोर्टात कागद जातोच. मागणी करताना ‘आईला तुरुंगात टाका’ ऐवजी बुडालेल्या वेळेच्या बदल्यात वेळ मागावा, तो लवकर मिळतो. वारंवार मोडले तर खर्च बसतो, आणि शेवटी ताबा बदलण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मुलाच्या ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलतो. रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच हे स्पष्ट झाले आहे. नोकरी बदलली, आईने पुन्हा लग्न केले, मूल दहावीत गेले, ही सगळी नव्या अर्जाची कारणे आहेत. हुकूम स्वतःच वाकवून घेण्याची मात्र नाहीत.

ज्या आईला वकील परवडत नाही तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रिया आणि मुले यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. अशा बातम्यांत मुलाचे नाव तर नकोच, पण ‘जुळे सोलापुरातील अमुक शाळेत तिसरीत शिकणारा, वडील अमुक बँकेत’ एवढ्यावरून वर्गातल्या सगळ्या पोरांना कळते. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पक्षकारांपैकी एकाने जरी मागितले तरी कामकाज बंद दारांआड चालते. दारे बंद असताना आतले तपशील वकिलांकडूनच बाहेर येतात हे आम्हाला माहीत आहे आणि आमच्या सहकाऱ्यांनाही आम्ही तेच सांगत आहोत. मुलाचे वय आणि हुकमातला भेटीचा तक्ता छापा, कोणते रविवार, किती वाजता, कुठे. शाळा, गल्ली आणि आडनाव वगळा.

आपले,
कौटुंबिक दाव्यांत काम करणारे काही वकील,
सोलापूर